डॅशहाउंड पाळायचाय? आधी त्याचं बीळ समजून घ्या

लांबलचक धड, बुटके पाय आणि आवाज मात्र थोराड कुत्र्याचा. डॅशहाउंड पाहिला की हसू येतं आणि पहिली गफलत तिथंच होते. लहान आहे म्हणजे सोपा असणार, असं समजून लोक तो घरी आणतात. तो लहान आहे, सोपा नाही. त्याचं शरीर आणि डोकं दोन्ही एकाच कामासाठी घडवलेलं आहे: जमिनीखालच्या बिळात एकट्यानं शिरायचं आणि आतल्या जनावराला भिडायचं. त्याचा हट्ट, खणणं, भुंकणं, पाठीचं दुखणं, सगळं या बिळातूनच आलंय. म्हणून सुरुवात तिथूनच करू.

पायरी १: हा कुत्रा कशासाठी घडवला ते पाहा

नाव जर्मन आहे. ‘डाक्स’ म्हणजे बॅजर, ‘हुंड’ म्हणजे कुत्रा. जर्मनीत मात्र हे नाव फारसं कुणी वापरत नाही. शिकारी त्याला ‘टेकेल’ म्हणतात, बाकीचे ‘डाकेल’. बॅजर हा दहा-बारा किलोचा, तीक्ष्ण नखांचा, चिवट प्राणी. तो जमिनीखाली लांब बोगदे करून राहतो. त्याच्या मागे आत शिरेल असा कुत्रा जर्मन शिकाऱ्यांनी कित्येक पिढ्या निवडून निवडून तयार केला. १८७९ मध्ये जर्मनीत या जातीचे निकष लिहिले गेले आणि १८८८ मध्ये ‘डॉइचर टेकेलक्लुब’ ही संस्था सुरू झाली. १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकचा शुभंकर ‘वाल्डी’ हा डॅशहाउंडच होता. त्या वेळी मॅरेथॉनचा मार्गसुद्धा त्याच्या आकृतीसारखा आखला होता.

आता कुत्र्याकडे नीट बघा. पुढचे पंजे मागच्यांपेक्षा मोठे आणि रुंद, माती मागे लोटायला. छाती खोल, कारण कोंदट बिळात दम टिकायला हवा. आवाज खर्जातला, कारण कुत्रा जमिनीखाली नेमका कुठं आहे ते वर उभ्या असलेल्या शिकाऱ्याला त्या आवाजावरूनच कळायचं. आणि स्वभाव असा, की आत मालकाला विचारायची सोय नाही, तेव्हा निर्णय स्वतःच घ्यायचा. तुम्ही ‘ये’ म्हणता आणि तो ऐकून दुसरीकडे चालू लागतो, त्याचं मूळ इथं आहे. मंदपणाशी त्याचा काही संबंध नाही.

बुटके पाय हा एका जनुकीय बदलाचा परिणाम. पायाच्या हाडांची वाढ लवकर थांबते. त्याच कुळातला दुसरा एक बदल मणक्यांमधल्या गाद्या लवकर कडक करतो आणि डॅशहाउंडमध्ये तो जवळपास सर्वत्र आढळतो. पाळण्याआधी हे माहीत असायलाच हवं.

पायरी २: आकार आणि केस ठरवा

आंतरराष्ट्रीय श्वान महासंघात, म्हणजे एफसीआयमध्ये, कुत्र्यांचे दहा गट आहेत. त्यातला चौथा गट फक्त डॅशहाउंडचा आहे. तिथं आकार वजनावर ठरत नाही, छातीच्या घेरावर ठरतो. तोही १५ महिन्यांचं वय झाल्यावर मोजतात. कारण पुन्हा बीळच: अडकते ती छाती. नरांमध्ये ३७ ते ४७ सेंमी घेर म्हणजे स्टँडर्ड, ३२ ते ३७ मिनिएचर, २७ ते ३२ सशाच्या बिळात जाणारा सगळ्यात लहान प्रकार. माद्यांचे आकडे प्रत्येक ठिकाणी २ सेंमीनं कमी. ब्रिटन आणि अमेरिकेत वजन बघतात आणि दोनच आकार मानतात. मिनिएचर साधारण ५ किलोपर्यंत, स्टँडर्ड ७ किलोपासून १४ किलोपर्यंत.

आठ आठवड्यांच्या पिल्लाकडे बघून ते नक्की केवढं होईल हे कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. आईबाप समोर उभे करून बघणं हाच त्यातल्या त्यात भरवशाचा अंदाज. ‘टीकप’, ‘मायक्रो’ अशी नावं लावून कुणी विकत असेल तर तिथून निघा. असा कुठलाही मान्य प्रकार नाही.

केसांचे प्रकार तीन. गुळगुळीत केसांचा सांभाळायला सोपा, पण थंडीत कुडकुडतो. लांब केसांचा सहसा जरा मवाळ असतो, पण त्याला आठवड्यातून दोन-तीनदा विंचरावं लागतं. राठ केसांच्या तोंडावर दाढी-मिशा असतात, अंगात टेरियरची मस्ती असते आणि त्याचे मेलेले केस वर्षातून दोन-तीनदा हातानं उपटून काढावे लागतात. त्यावर कात्री चालवली की केस मऊ पडतात आणि रंगही फिका होतो.

रंगाबाबत एकच सूचना, पण ती काटेकोर पाळा. ठिपकेदार, म्हणजे ‘डॅपल’ रंगाच्या दोन कुत्र्यांचा मेळ कधीही करू नये. त्यांच्या पिल्लांपैकी सरासरी चारातल्या एकाला तो जनुक दोन्हीकडून मिळतो. अशी पिल्लं दिसायला बरीचशी पांढरी आणि देखणी असतात, पण त्यांच्यात बहिरेपण, खुरटलेले किंवा मुळीच नसलेले डोळे असे दोष नेहमीचे. यालाच ‘डबल डॅपल’ म्हणून दुर्मिळ रंगाच्या नावाखाली चढ्या भावानं विकतात. निळसर आणि फिक्या ‘इसाबेला’ रंगाच्या कुत्र्यांमध्ये मोठेपणी केस झडून त्वचा उघडी पडण्याचा त्रास दिसतो. दुर्मिळ रंगासाठी जास्त पैसे मोजणं म्हणजे बऱ्याचदा दुखणं विकत घेणं.

पायरी ३: पिल्लू बघायला जाताना

पिल्लू आईजवळच बघा. आई दाखवायला टाळाटाळ होत असेल तर पुढची चर्चा नको. आठ आठवड्यांच्या आत पिल्लू घेऊ नका. दाताचा जोर किती लावायचा हे ते याच काळात भावंडांकडून शिकतं आणि डॅशहाउंडला तो धडा इतर कुत्र्यांपेक्षा जास्त लागतो.

ब्रीडरला, म्हणजे कुत्र्यांची पैदास करणाऱ्याला, सगळ्यात आधी रंग किंवा वंशावळ विचारू नका, पाठ विचारा. आईबापांपैकी, आजी-आजोबांपैकी कुणाची पाठ धरली होती का? कुठल्या वयात? ऑपरेशन झालं का? ‘आमच्याकडे कधीच कुणाला नाही’ हे उत्तर सगळ्यात संशयास्पद. या जातीत सुमारे चारातल्या एका कुत्र्याला आयुष्यात कधी ना कधी पाठीच्या गादीचा त्रास होतो. जो ब्रीडर नीट आठवून ‘या मादीच्या भावाला पाच वर्षांचा असताना झालं होतं’ असं सांगतो, त्याच्यावर जास्त विश्वास ठेवा. शिवाय आईबापांचं वय विचारा. गादीचा त्रास बहुतेक तीन ते सात वर्षांच्या दरम्यान उपटतो. दीड वर्षाच्या आईची पाठ चांगली आहे की नाही हे अजून कुणालाच कळलेलं नसतं.

घेताना हे कागद हातात हवेत:

- लसीकरणाचं कार्ड: लशीचं नाव, तारीख, बाटलीवरचा स्टिकर आणि पशुवैद्याची सही
- जंत पाडल्याच्या तारखा आणि औषधाचं नाव
- मायक्रोचिप बसवली असेल तर तिचा क्रमांक आणि मालकी बदलण्याचा अर्ज
- केनेल क्लबची नोंदणी असल्यास तिचं प्रमाणपत्र
- आईबापांच्या डोळ्यांच्या तपासणीचा अहवाल, आणि मिनिएचर असेल तर डोळ्याच्या पडद्याचा ऱ्हास घडवणाऱ्या ‘कॉर्ड-१’ बदलाची जनुकीय चाचणी
- राठ केसांचा मिनिएचर असेल तर ‘लाफोरा’ या झटके आणणाऱ्या आजाराची चाचणी
- आईबापांच्या पाठीचे एक्स-रे झाले असतील तर त्यांचा निकाल
- विक्रीचा लेखी करार, परत घेण्याच्या अटीसह

एक्स-रेबद्दल थोडं. डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंड या देशांत कुत्रा २ ते ४ वर्षांचा असताना कण्याचे एक्स-रे काढून किती गाद्यांमध्ये चुना साठलाय ते मोजतात. चुनकट गाद्या कमी असलेल्या कुत्र्यांचीच पैदास करतात. ही चाचणी सगळीकडे होत नाही. पण कुणी केलेली असेल तर तो ब्रीडर चांगला असल्याची ती फार मोठी खूण.

एक फसगत नेहमीची: नोंदणीचा कागद म्हणजे तब्येतीची हमी असं समजणं. तो फक्त आईबाप कोण ते सांगतो.

पायरी ४: पिल्लू यायच्या आधी घर

सामानाची यादी मोठी नाही, पण प्रत्येक वस्तू या कुत्र्याच्या मापाची हवी.

छातीवर इंग्रजी वाय आकारात बसणारा हार्नेस घ्या. गळपट्टा फक्त ओळखीच्या बिल्ल्यापुरता. मानेच्या मणक्यांतही गाद्या असतात आणि गळपट्ट्याला ओढ घेणारा डॅशहाउंड रोज तिथं झटके खातो. हार्नेस निवडताना पोटाचा पट्टा पुढच्या पायांच्या काखेत रुतत नाही ना ते बघा. धड लांब असल्यामुळे इतर लहान जातींच्या मापाचे हार्नेस बहुतेक वेळा इथंच चुकतात. पट्ट्याखाली दोन बोटं सरकली पाहिजेत.

सोफ्यावर किंवा पलंगावर कुत्र्याला जागा देणार असाल तर रॅम्प लागेल. ४५ सेंमी उंचीला दीड मीटर लांबीचा रॅम्प म्हणजे साधारण १७-१८ अंशांचा चढ. तो चालतो. बाजारातले अनेक रॅम्प याच्या निम्मे असतात. कुत्रा त्यावरून उतरत नाही, घसरतो, आणि दोन दिवसांनी बाजूनं उडी मारायला लागतो. पृष्ठभागावर रबर किंवा जाड सतरंजी चिकटवा. आणि हा रॅम्प पहिल्याच दिवशी लावा. उडीची चटक लागल्यावर मग त्याला रॅम्प शिकवणं जिकिरीचं.

गुळगुळीत फरशीवर तो रोज जिथून पळतो त्या वाटेवर चटया किंवा रनर टाका. मागचे पाय फाकून घसरणं पाठीला फार वाईट. जिन्याच्या वर आणि खाली फाटक. क्रेट, म्हणजे कुत्र्याचा झोपायचा पिंजरा, असा हवा की आत उभं राहता येईल, वळता येईल, पाय ताणून झोपता येईल, त्यापेक्षा मोठा नको. त्यात एक जाड पांघरूण टाका. तो त्यात शिरून पार बुडून झोपेल. बिळाची हौस अशी भागते. (पांघरुणाच्या गोळ्यावर बसण्याआधी आत कुणी नाही ना ते चाचपायची सवय घरातल्या सगळ्यांना लावा.)

कुंपण असेल तर ते जमिनीखालीही थोडं जायला हवं. वरून उडी मारून हा पळणार नाही, खालून जाईल.

पायरी ५: उचलायचं कसं

हे पहिल्या दिवशी घरातल्या प्रत्येकाला शिकवा, पाहुण्यांनाही.

कुत्र्याच्या बाजूला गुडघ्यावर बसा. एक हात पुढच्या पायांच्या मागून छातीखाली घाला, तळवा बरगड्यांवर पसरलेला. दुसरा हात मागून आणून ढुंगण आणि मांड्या पेलून घ्या. मग दोन्ही हात एकदम वर. पाठ जमिनीला समांतर राहिली पाहिजे, टेबलाच्या फळीसारखी. उचलल्यावर त्याला आपल्या छातीशी टेकवा, म्हणजे तो वळवळला तरी मधला भाग लोंबणार नाही. खाली ठेवताना चारही पाय टेकेपर्यंत हात सोडायचे नाहीत. शेवटच्या वीतभर उंचीवरून तो स्वतः उडी घेतो, आणि बहुतेकांचे हात नेमके तिथंच सुटतात.

काखेत धरून बाळासारखं उचलणं पूर्ण बंद. त्यात सगळं वजन पाठीच्या मधोमध येतं, आणि मणक्यांच्या गाद्या सर्वाधिक फाटतात त्या तिथंच, शेवटच्या बरगडीच्या आसपास. लहान मुलांनी उचलूच नये. जमिनीवर बसून मांडीवर घ्यावं.

पायरी ६: पहिले आठवडे

लशी ६ ते ८ आठवड्यांच्या वयात सुरू होतात आणि १६ आठवडे पुरे होईपर्यंत दर २ ते ४ आठवड्यांनी दिल्या जातात. त्यात डिस्टेंपर, पार्वो आणि हिपॅटायटिस या मुख्य. रेबीजची लस तुमच्या भागातल्या नियमाप्रमाणे. शेवटचा डोस चुकवू नका. आईच्या दुधातून आलेलं संरक्षण आधीच्या डोसांना निष्प्रभ करू शकतं, म्हणून १६ आठवड्यांनंतरचा डोसच खरा पक्का. जंताचं औषध दोन महिन्यांनंतर सहा महिन्यांपर्यंत दर महिन्याला.

पण ‘लशी पुऱ्या होईपर्यंत घराबाहेर नाही’ हा सल्ला शब्दशः घेतला तर दुसरं नुकसान होतं. जगाशी ओळख व्हायचा काळ साधारण १४ आठवड्यांपर्यंतच असतो. त्या काळात नवी माणसं, आवाज, वाहनं काहीच न दिसलेला डॅशहाउंड पुढे प्रत्येक अनोळखी पाहुण्यावर धावून जातो. पिल्लाला खाली न ठेवता उचलून फिरवा. दाराशी बसा. छत्री, टोपी, काठी, रडणारं मूल हे सगळं दुरून दाखवा आणि प्रत्येक वेळी खाऊचा एक कण द्या.

शी-शूची सवय लागायला या जातीत वेळ लागतो, हे गृहीतच धरा. सहा महिने हे काही जास्त नाहीत. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच बाहेर. दिवसा दोन महिन्यांचं पिल्लू फार तर दोन-तीन तास दम धरतं. बाहेर केलं की तिथल्या तिथं, तीन सेकंदांच्या आत खाऊ. घरात आल्यावर दिलात तर घरात आल्याचं बक्षीस मिळालं असं ते समजतं. घरात झालं तर ओरडू नका. एन्झाइम असलेल्या क्लीनरनं पुसा, अमोनियाच्या नको, त्याचा वास मूत्रासारखाच येतो आणि पिल्लू पुन्हा तिथंच जातं.

आणि पाऊस. ओल्या गवतात इतर कुत्र्यांचे पाय भिजतात, याचं पोट भिजतं. तो दारातूनच तोंड फिरवतो. आडोशाखाली एक कोरडा कोपरा आधीच ठरवून ठेवा, नाहीतर पावसाळी दिवसांत शिकवलेलं सगळं वाहून जाईल.

पायरी ७: वजन, हेच सगळ्यात स्वस्त औषध

डॅशहाउंड कायम उपाशी असल्यासारखा बघतो. त्या नजरेवर विश्वास ठेवू नका. वाटीनं अंदाजे घालणं बंद करा आणि स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ग्रॅममध्ये मोजा. ५ किलोच्या, नसबंदी झालेल्या, वाढ पूर्ण झालेल्या कुत्र्याला दिवसाला साधारण ३२० ते ३७० किलोकॅलरी पुरतात. त्यातल्या दहा टक्क्यांहून जास्त खाऊतून येऊ नयेत, म्हणजे ३५ च्या आसपास. चीजचा एक मध्यम तुकडा हा कोटा एका घासात संपवतो. सरावासाठीचा खाऊ मुगाच्या दाण्याएवढा करा, किंवा रोजच्या जेवणातलेच दाणे बाजूला काढून वापरा.

वजन बरोबर आहे की नाही हे काट्यापेक्षा हाताला चांगलं कळतं. डावा हात समोर धरा, उजव्या बोटांनी चाचपा. मूठ वळून सांध्यांवर बोट फिरवा: बरगड्या अशा टोचत असतील तर कुत्रा फार रोड. तळव्याच्या अंगठ्याखालच्या मांसल भागावर फिरवा: तशा दबलेल्या असतील तर जाड. हात उघडून पालथा धरा आणि बोटांच्या मुळाशी फिरवा: पातळ कातडीखाली एकेक हाड मोजता येतं, तसं लागलं पाहिजे. वरून बघितल्यावर कंबर आत गेलेली दिसावी. घरोघरी दिसणारे बरेच डॅशहाउंड वरून सरळ नळकांड्यासारखे असतात. ते गोंडस दिसतात आणि जादाचा प्रत्येक किलो लांब कण्यावर लटकतो.

व्यायामाबाबत उलटा गैरसमज आहे: पाठ नाजूक म्हणून चालवायचंच नाही. ब्रिटनमध्ये दोन हजारांहून अधिक डॅशहाउंडांच्या पाहणीत, रोज अर्ध्या तासाहून कमी चालणाऱ्यांमध्ये पाठीचा त्रास जास्त आढळला आणि तासाहून अधिक चालणाऱ्यांमध्ये कमी. आधीच दुखणारी कुत्री कमी चालतात हेही त्यात असेल, तरी पाठीचे स्नायू घट्ट असणं फायद्याचंच. वाढ पूर्ण झालेल्याला दिवसातून दोनदा मिळून तासभर चालवा. पिल्लाला थोडं थोडं, मऊ जमिनीवर, त्याला हवं तेव्हा थांबू देत.

नसबंदीची घाई नको. डॅशहाउंडांच्या एका अभ्यासात १२ महिन्यांच्या आत नसबंदी झालेल्यांमध्ये गादीच्या त्रासाचं प्रमाण वाढलेलं दिसलं. मादीच्या बाबतीत गर्भाशयाचे आजार आणि नको असलेली पिल्लं याचाही विचार करावा लागतो, म्हणून वय पशुवैद्याशी बोलून ठरवा.

पायरी ८: भुंकणं, खणणं, पाठलाग

हे तिन्ही बंद करता येत नाहीत. वळण लावता येतं.

खणायला एक जागा ठरवून द्या: मीटरभर चौकोन, फूटभर खोल, मऊ माती किंवा वाळू. आत खेळणं पुरा आणि शोधायला लावा. घरात असेल तर जुन्या टॉवेलांनी भरलेलं खोकं. भुंकताना तुम्ही ओरडलात तर त्याला वाटतं तुम्हीही साथ देताय. खिडकीच्या खालच्या अर्ध्या भागाला अपारदर्शक कागद लावा, निम्मं भुंकणं तिथंच थांबतं. उरलेल्यासाठी तो गप्प झाल्यावर दोन सेकंद थांबून खाऊ.

मोकळं सोडण्याबद्दल स्पष्ट मत: कुंपण नसलेल्या जागी सोडू नका, कितीही शिकवला तरी. नाक एकदा वासाला लागलं की कान बंद होतात. पाच मीटरची लांब दोरी हार्नेसला लावा आणि ‘ये’चा सराव त्यावर करा. ससे, हॅमस्टर, पक्षी घरात असतील तर ही जात घेऊच नका.

गुरगुरलं तर हसून सोडू नका. चाळीस किलोचा कुत्रा जे करताना लोक घाबरतात, तेच पाच किलोच्यानं केलं की त्याचे व्हिडिओ काढतात. जेवताना किंवा पांघरुणात असताना गुरगुरणं सुरू झालं तर हिसकावू नका, त्याहून चांगलं काहीतरी देऊन अदलाबदल करा. गुरगुरण्याला शिक्षा केलीत तर तो पुढच्या वेळी न गुरगुरता चावतो.

पायरी ९: नखं, कान, दात

नखं दर दोन-तीन आठवड्यांनी. काळी असतील तर कणाकणानं कापा, कापलेल्या टोकाच्या मधोमध ओलसर गडद ठिपका दिसला की थांबा. वाढलेल्या नखांनी चाल बिघडते आणि भार पुन्हा पाठीवर जातो. लोंबते कान आठवड्यातून एकदा उलटून हुंगा. आंबूस वास म्हणजे यीस्ट, एक प्रकारची बुरशी. आत काडी घालू नका. अंघोळ मळला की.

दातांकडे मात्र बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. लांब, अरुंद तोंडात ४२ दात असतात आणि हिरड्यांचा आजार या जातीत लवकर येतो. वरच्या सुळ्याच्या आतल्या बाजूला खोल पोकळी होते आणि ती थेट नाकाच्या पोकळीत उघडते. वयस्क कुत्रा वारंवार शिंकतो, एकाच नाकपुडीतून शेंबूड येतो, लोक सर्दी समजतात. रोज ब्रश करा, कुत्र्यांच्या पेस्टनं. माणसांच्या पेस्टमध्ये झायलिटॉल असू शकतं आणि ते कुत्र्याला विष आहे. सात महिन्यांचा झाल्यावर तोंड उघडून बघा: दुधाचा सुळा पक्क्या सुळ्याला चिकटून तसाच राहिला असेल तर काढून घ्यावा लागतो.

पायरी १०: पाठ धरली तर

मणक्यांमधली गादी म्हणजे बाहेर चिवट कडं, आत मऊ गर. या जातीत तो गर वर्षभरातच कोरडा, कुरकुरीत व्हायला लागतो. एखाद्या दिवशी कडं फाटतं आणि गर वर मज्जारज्जूवर आदळतो. निमित्त मोठं लागत नाही. अंग झाडण्याचंही पुरतं.

सुरुवातीच्या खुणा लोक पोटदुखीवर ढकलतात, कारण कुत्रा पाठ कमानीसारखी काढतो, पोट फळीसारखं ताठ करतो, थरथरतो आणि खात नाही. मानेत असेल तर डोकं खाली धरून डोळ्यांनीच वर बघतो. रोज रॅम्प चढणारा पायथ्याशी उभा राहतो. उचलताना केकाटतो. यापुढची पायरी म्हणजे मागचे पाय एकमेकांत अडकणं, नखं फरशीवर घासत चालणं.

एक तपासणी घरी करता येते. कुत्र्याला उभा धरून मागचा पंजा हलकेच उलटा करा, वरची बाजू जमिनीला टेकेल असा. निरोगी कुत्रा क्षणात पंजा सरळ करतो. उलटाच राहिला किंवा सावकाश सरळ झाला तर मज्जारज्जूवर दाब आहे. एकदाच करा. पुन्हा पुन्हा करून खात्री करत बसू नका.

मग हे करा, याच क्रमानं:

१. क्रेटमध्ये ठेवा. फिरू देऊ नका, मालिश नको, शेक नको.
२. पशुवैद्याला फोन करा. ‘डॅशहाउंड आहे, पाठीचा त्रास वाटतोय, पाय चालतात’ किंवा ‘चालत नाहीत’, एवढं एका दमात सांगा.
३. नेताना ताठ फळीवर किंवा क्रेटसकट न्या.
४. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल किंवा घरातलं माणसांचं कुठलंही औषध देऊ नका. काही औषधं कुत्र्याला विषारी आहेत. शिवाय वेदनाशामक आधी दिलं असेल तर नंतर स्टेरॉइड देता येत नाही, दोन्ही मिळून जठराला भोकं पाडू शकतात.
५. शेवटची शू कधी झाली ते लक्षात ठेवून सांगा. मागचा भाग लुळा पडलेल्या कुत्र्याला बऱ्याचदा मूत्राशय स्वतः रिकामं करता येत नाही.

नुसती वेदना किंवा झोकांड्या असतील तर औषधं आणि किमान चार आठवडे क्रेटमध्ये सक्तीची विश्रांती यावर बरेच कुत्रे सावरतात. इथली नेहमीची चूक: पाचव्या दिवशी औषधानं वेदना थांबते, कुत्रा टणाटण उड्या मारायला बघतो, घरच्यांना दया येते, क्रेट उघडतो. कडं अजून भरलेलं नसतं. दुसरा झटका पहिल्यापेक्षा वाईट असतो.

पाय अजिबात चालत नसतील तर थांबायचं नाही. पायाच्या बोटाला जोरात चिमटल्यावर जाणीव होते की नाही हे पशुवैद्य बघतात आणि पुढचा सगळा अंदाज त्यावर ठरतो. जाणीव शिल्लक असताना ऑपरेशन झालं तर दहापैकी साधारण नऊ कुत्रे पुन्हा चालतात. ती गेल्यावर निम्मेच. काही कुत्र्यांत या दोन टप्प्यांमध्ये एका रात्रीचंच अंतर असतं.

म्हणून पिल्लू घरी आल्याच्या आठवड्यातच तीन गोष्टी शोधून ठेवा: रात्री उघडा असणारा जवळचा दवाखाना, कण्याचं ऑपरेशन करणारा सर्वात जवळचा सर्जन, आणि एमआरआय किंवा सीटी स्कॅन कुठं होतं. तिन्ही नंबर कागदावर लिहून क्रेटच्या वरच्या बाजूला चिकटवा.